उघाडीवरची हाक

ऐका. पण आधी ज्याला बाहेर जाऊन यायचं असेल त्यानं आत्ताच जाऊन यावं. मध्येच उठून मला सोबतीला बोलावलंत तर मी येणार नाय, सांगून ठेवते. आणि तू रे, दात काय काढतोस? गोष्ट संपली की बघू कोण हसतंय.

तर गोमाकाका. आमच्या शेजारचा. आपल्या खाडीच्या बांधावर उघाडी आहे ना, तिचा तो राखणदार. शहरातून आलेत त्यांना सांगते, उघाडी म्हणजे बांधातलं दार. दोन दगडी खांब, खांबांना खाचा, आणि खाचांत एकावर एक बसवायच्या जाड फळ्या. ओहोटीला फळ्या काढायच्या, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी खाडीत निघून जातं. भरती लागली की फळ्या टाकायच्या, म्हणजे खाडी बाहेर राहते. साधं काम वाटतं ना? एक भरती चुकली की खारं पाणी शेतात. आणि उधाणाची भरती चुकली तर पाणी शेतात थांबत नाय, थेट खालच्या आळीत. माणसं झोपलेली असतात हो तिथं! पाळणे टांगलेले असतात!

गोमाकाकाला एकच पोर, हौशी. माझ्याच वयाची, दोघींना बारावं लागलेलं. बापाबरोबर उघाडीवर जायची. आतल्या अंगाला एक चपटा दगड आहे, अजून आहे, त्यावर पाय सोडून बसायची आणि पाण्याकडे बघत राहायची. बाहेर वाहणारं पाणी थांबलं, उलटं फिरलं, की ओरडायची, "बाबा, आली!" भरती आली म्हणून. की गोमाकाका फळी टाकणार. मी कितीदा ऐकलंय ते. आमच्या ओटीवर ऐकू यायचं एवढा गळा पोरीचा.

तर ती हौशी बुडाली.

चिंबोऱ्या विकायला बायकांबरोबर पलीकडच्या बाजाराला निघाली होती. होडकं उलटलं. बाकीच्या चिखलातून कशाबशा काठाला लागल्या. हौशी नाय लागली. गोमाकाका उघाडीवर होता, त्यानं आरडाओरडा ऐकला आणि होता तसा खाडीत उडी टाकली. अंधार पडेपर्यंत शोधत होता. त्या भरतीला फळ्या टाकायला कोण होतं? कुणीच नाय. उघाडी सताड उघडी राहिली, पाणी आत आलं, बांधाजवळच्या दोन खाचरांतलं भात गेलं. पण गावात कुणी ब्र काढला नाय. काढणार कसा?

पोर सापडली नाय. नुसतं बुडणं वेगळं आणि न सापडणं वेगळं, बाबांनो. राहीकाकू, म्हणजे तिची आई, दारात ताट वाढून बसायची. गोमाकाका भिंतीला पाठ लावून. गाव म्हणालं, तू बस घरी, उघाडी झिपा बघेल. झिपा म्हणजे माझा सख्खा चुलता. अंगानं रेडा आणि काळजानं चिमणी! पण भला माणूस.

मग आली अमावस्या. श्रावणातली. पाऊस असा की शेजारचं घर दिसत नाय, आणि त्यात उधाण. रात्री गोमाकाकाच्या दारावर थाप. दार उघडलं तर झिपाकाका. नखशिखान्त चिखल.

"गोमादादा, मला नाय जमत."

"फळ्या टाकल्यास?"

"खालच्या टाकल्या. वरच्या नाय. दादा, बाहेरून हौशी हाका मारते. म्हणते, झिपाकाका, फळी टाकू नको, मी बाहेर हाय."

एवढं बोलला आणि ओटीवर कोसळला. दातखिळी बसली. हातपाय गार.

गोमाकाका उभाच. आणि मागून राहीकाकू आली ती धावत. तिनं त्याचे पाय धरले.

"अवो, उघाडी लावू नका. आजची रात उघडी राहू द्या. पोर माझी बाहेर हाय, तिला आत येऊ द्या!"

"राही, खालच्या आळीत माणसं निजलीत."

"माझी पोर पाण्यात निजली हाय!"

गोमाकाकानं पाय सोडवून घेतले, कंदील उचलला, डोक्यावर इरलं घातलं आणि निघाला. फळी टाकायला निघाला की पोरीला आणायला? मी त्याला पुढे विचारलं होतं. म्हणाला, पोरी, माझं मलाच माहीत नव्हतं.

बांधाची वाट तुम्हाला ठाऊक आहे. एका अंगाला शेत, एका अंगाला खाडी, मध्ये पाऊलभर चिखल. निघाला. थोडा पुढे गेला तर मागून आवाज. चपाक. चपाक. ओल्या पायांचा. हा थांबला, तो आवाज थांबला. हा चालला, तो चालला. कंदील फिरवून बघितलं. कुणी नाय! नुसता पाऊस.

पुढे गेला. बांधाच्या कडेला एक माणूस उकिडवा बसलेला. पाठमोरा. म्हणाला, "गोमा, तंबाखू हाय का रे?" अगदी ओळखीच्या सुरात. गोमाकाकाचा हात सवयीनं कनवटीला गेला. आणि तेवढ्यात कंदिलाचा उजेड खाली पडला. ऐकताय ना? तो माणूस बांधावर बसलाच नव्हता. बांध संपत होता तिथून हातभर पुढे, पाण्यावर बसला होता. पाण्यावर! उकिडवा!

गोमाकाकानं कनवटीतला हात काढून घेतला. ओळखलं त्यानं. गिऱ्हा! खाडीत बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो, तो रात्रीच्या माणसाला ओळखीच्या आवाजात बोलवतो आणि खोल पाण्यात नेतो. त्याला उत्तर द्यायचं नसतं. मान खाली घालून काका पळत सुटला. मागून हसण्याचा आवाज. आणि फुस्स करून कंदील गेला.

आता अंधार. चाचपडत, चार पायांवर, उघाडीला पोचला. खालच्या फळ्या बसलेल्या, त्यांच्यावरून खाडी आत यायला लागलेली. वरच्या फळ्या बाजूला रचलेल्या होत्या. हाताला लागली ती उचलली, खाचेत धरली.

"बाबा."

जवळून. अगदी फळीच्या पलीकडून.

"बाबा, मला थंडी वाजते."

काय सांगू तुम्हाला! तो हौशीचा आवाज. हुबेहूब. काकाला ठाऊक होतं हो गिऱ्हा काय करतो ते. आत्ताच बघितलं होतं डोळ्यांनी. पण बापाचं काळीज आहे ते, त्याला शंभर गोष्टी ठाऊक असून काय उपयोग? त्यानं डोळे मिटले आणि फळी टाकली.

"बाबा, जत्रेतल्या बांगड्या देणार होतास ना. हिरव्या. घातल्यात बघ मी."

बांगड्यांचं बापलेकीतलंच गुपित होतं. राहीकाकूलासुद्धा माहीत नव्हतं. गोमाकाका रडायला लागला. रडत रडत दुसरी फळी टाकली. पाणी वाढत होतं, फळीवर धाडधाड आपटत होतं. आता एकच राहिली. शेवटची, सगळ्यात वरची.

आणि वीज लखलखली, तशी वर उरलेल्या फटीतून हात आला आत. लहान हात. मनगटात हिरव्या बांगड्या.

"बाबा, ही टाकलीस तर मी कायमची बाहेर. तू गावाचा की माझा?"

सुटली. फळी त्याच्या हातातून सुटली, बांधावर पडली. त्यानं काय केलं माहितेय? बसवलेली फळी पुन्हा उपसायला घेतली! दोन्ही हातांनी. वर आली थोडी, आणि खालून खाडी अशी घुसली की त्याचे पाय सरकले. एका हातानं खांब धरला आणि दुसरा हात पुढे केला. पोरीचा हात धरायला. बोटाला बोट लागणार...

"बाबा, आली!"

मागून.

मागून हो! आतल्या अंगाकडून, त्या चपट्या दगडाकडून. तोच गळा. रोज ओरडायची तसाच, जरा चिडलेला. बापाचं लक्ष नाय म्हटल्यावर ओरडायची ना, तसा.

"बाबा, आली! फळी टाक!"

गोमाकाका म्हणायचा, पोरी, त्या क्षणी मला लख्ख कळलं. माझी हौशी उघाडीवर वाढली. पाणी फिरल्यावर फळी टाकू नको असं ती जन्मात म्हणायची नाय. स्वतः बाहेर असती तरी आधी म्हणाली असती, फळी टाक.

त्यानं हात मागे घेतला. पण घ्यायला उशीर झाला होता. पलीकडच्या हातानं त्याचं मनगट धरलं. आणि तो हात लांबायला लागला. कोपर नाय, खांदा नाय, नुसता हात, फटीतून येतोय, येतोय, बांगड्या एकेक करून पाण्यात गळतायत, आणि वीज चमकली की खाली दिसतेय काळी शेवाळलेली कातडी. ओढ अशी की काकाची छाती फळीवर आपटली. त्यानं पायानं शेवटची फळी ओढली, खाचेत सरकवली आणि पोट टेकून सगळं अंग तिच्यावर टाकलं. बाहेर एक किंकाळी उठली. पोरीची नाय. माणसाचीच नाय. ती गावात ऐकू आली. मी ऐकली. आईच्या कुशीत शिरून कान दाबले तरी ऐकू येत होती.

पकड सुटली. उपसलेली फळी त्यानं लाथा मारून खाली बसवली, फटींत पेंढा आणि चिखल कोंबला आणि तिथंच पडून राहिला. रात्रभर पलीकडून फळ्यांवर थापा पडत होत्या.

उजाडलं. माणसं धावत गेली, राहीकाकू सगळ्यांच्या पुढे. उघाडी बंद, खालची आळी कोरडी. राहीकाकूनं बंद फळ्या बघितल्या आणि नवऱ्याच्या छातीवर मुठी मारायला लागली. "बाहेर ठेवलीस! पोरीला बाहेर ठेवलीस!" त्यानं फक्त मागे बोट दाखवलं.

चपट्या दगडापाशी हौशी होती.

होडकं उलटलं त्या दिवशी उघाडी उघडी राहिली होती ना, त्याच भरतीनं ती आत आलेली. आतल्या डोहात, काठच्या झाडांच्या मुळांखाली अडकून पडलेली, आणि आपण सगळी खाडी शोधत होतो. त्या रात्री फळ्या बसल्या, पावसाचं पाणी आत तुंबलं, डोह भरला आणि पोर वर आली. फळ्या टाकल्या म्हणून सापडली. राहीकाकूनं तिला मांडीवर घेतलं आणि मग जी रडली, बाबांनो, जी रडली... जाऊ दे. पाणी द्या गं मला कुणीतरी.

हं. गोमाकाकाच्या मनगटावर पाच काळे वळ होते, मरेपर्यंत. मी हात लावून बघितलेत, गार लागायचे. उघाडी त्यानं सोडली नाय. पण फळी हातात घेऊन थांबायचा, दगडाकडे बघायचा, आणि मगच टाकायचा.

म्हणून सांगते. अमावस्येच्या भरतीला बांधाच्या वाटेनं जायचं नाय. कितीही जवळची पडू दे, गावाला वळसा घालून जा. आणि गेलातच, आणि खाडीच्या अंगानं आपलं गेलेलं माणूस हाक मारायला लागलं, तर हात पुढे करू नका. आपली माणसं आपल्याला हातातलं काम सोडून ये म्हणत नसतात.

काय रे, आता का नाय हसत? चल, उठ. भरतीची वेळ झाली, उघाडीवर आज तुझी पाळी आहे ना?