पंधरा गॅलनचं भांडं

—ते नको उचलूस, दीपा, जड आहे, मी काढून देतो. हे बघ, हेच ते पंधरा गॅलनचं भांडं. मुळात हे बियरचं पिंप, स्टीलचं — तुझ्या बाबानं प्लँटमधल्या वेल्डरकडून त्याचं डोकं कापून घेतलं, खाली नळ बसवून घेतला. आणि हे तांब्याचं वेटोळं, यातनं थंड पाणी सोडायचं, म्हणजे उकळता बार्लीचा रस वीस मिनिटांत गार — हे त्यानं स्वतः वळवलंय, पेंटच्या डब्याभोवती, कुठे एक पोचा नाही बघ. श्रीरंगचा हात होताच तसा. घेऊन जा, हे सगळं तुझंच आहे. तुम्ही मैत्रिणी किती बनवता म्हणालीस — पाच गॅलन? अपार्टमेंटच्या स्टोव्हवर, डब्यातलं बार्लीचं सिरप ओतून? आम्हीही तिथूनच सुरुवात केली गं. ऐंशी साली, आमच्या किचनमध्ये, प्लास्टिकच्या बादलीत. सुमेधाकाकू ओरडायची — पडद्यांना वास, पोळ्यांना वास. आणि बियर कशी, तर कफ सिरपसारखी! तरी आम्ही दोघं प्यायचो, माना डोलवत. मी खूश होतो तेवढ्यावर. पण श्रीरंगला ते पटेना — म्हणायचा, राजाराम, हे म्हणजे पाकिटातलं पिठलं झालं रे, धान्यापासून करायची तर मजा. मग काय, बार्ली आली, भरडायची चक्की आली, पिकनिकच्या कूलरला भोकं पाडून त्यात बार्ली भिजवायला लागला. आणि एवढं पाणी स्टोव्हवर उकळणार कसं? म्हणून हा बर्नर. प्रोपेनचा. पेटवला की विमान उडतंय असं वाटायचं.

हा मात्र मी तुला देणार नाही. भांडं ने, वेटोळं ने, त्याची वही ने — बर्नर नाही. का म्हणजे? तुम्ही लावणार कुठे तो? घरमालकाचं गॅरेज आहे? नाही. गॅरेजात नाही, बंद जागेत त्याचा विषारी वायू साचतो, वासही येत नाही. बाहेर, ड्राइव्हवेवर, बर्फ असला तरी बाहेर, नाहीतर डब्यातल्या सिरपवर राहा. माहीत आहे तुला, हो, माहीत असणारच. तुला नाही तर कुणाला. इथेच तर — तू उभी आहेस ना, त्याच्या जरा पलीकडे, त्या फोल्डिंगच्या खुर्चीत होता तुझा बाबा. आम्हाला वाटलं, झोपलाय. चेहरा चांगला लाल दिसत होता, थंडीतनं आल्यासारखा. बर्नर चालूच होता, रस उतू जाऊन सगळ्या फरशीवर चिकट — मी त्यात घसरलो, हे कोपर फुटलं. त्याला ओढत बाहेर काढला, पण तो गेलेला होता. तुझी आई जिन्यावरनं उतरली तेव्हा तिच्या हातात वाणाची वाटी होती. वर हळदीकुंकू चालू होतं ना आमच्याकडे, जानेवारीतला रविवार, चाळीस बायका — कुणी उखाणे घेतंय, कुणी तिळगूळ वाटतंय, आणि खाली हे. तुझ्या आईला नुकतंच कुंकू लावलं होतं गं सुमेधानं.

काय? हळू बोल, काय म्हणालीस? — हं. हो. सगळे हेच विचारतात. बाबा इंजिनियर होता, आयुष्य बॉयलरमध्ये गेलं, मग त्यानं गॅरेजचं दार लावून का घेतलं. तुझी आई तर अजून चिडते त्याच्यावर, मला फोनवर म्हणाली, भावोजी, एवढा हुशार माणूस आणि एवढी मूर्खपणाची चूक, मी माफ नाही करणार त्यांना. काय सांगायचं? थंडी होती. वाऱ्याची थंडी होती, ज्योत हलत होती — माणसाला वाटतं, दहा मिनिटं लावू. पोलिसालाही मी तेच सांगितलं, थंडी वाजत असेल त्याला. तसा तो काळजी घेणारा होता गं, फार. मला म्हणाला होता, अरे दोन बोटं तरी उघडं ठेव खालून —

नाही, म्हणजे — आधी कधीतरी. आधीच्या वेळी.

असं बघू नकोस, दीपा. बस. त्या खोक्यावर बस. — बरं, उभी राहा.

दार मी लावलं. ते भिंतीवरचं बटण, मी दाबलं. त्या वर्षी मी महाराष्ट्र मंडळाचा अध्यक्ष झालो होतो. बायकांच्या गाड्या यायला लागल्या, त्यांचे नवरे सोडायला आलेले, आणि आमच्या सताड उघड्या गॅरेजात हा दारूचा कारखाना, वाफा रस्त्यापर्यंत. मला लाज वाटली. एवढंच. दुसरं काही कारण नाही, मी दीड वर्ष शोधतोय दुसरं कारण. तो म्हणाला दोन बोटं ठेव, मी म्हटलं हो हो, आणि बटण तर पूर्णच खाली नेतं, ते मधे थांबवावं लागतं — मी थांबलो नाही. वर गेलो. खुर्च्या लावल्या, मग टीव्हीसमोर बसलो पुरुषांबरोबर, मॅच होती. मधे एकदा तो आला. हो, आला होता. किचनच्या दारापर्यंत, कपाळ धरून. म्हणाला, राजाराम, डोकं फार जड झालंय रे, दार उघडतो जरा. आणि मी — माझ्या मागे त्या प्रधानबाई उभ्या होत्या, ताटली हातात घेऊन — मी म्हटलं, दहा मिनिटं कळ काढ, बायका अजून येतायत. तो हसला. अध्यक्षसाहेब, म्हणाला. आणि गेला परत खाली, रस उतू जाईल म्हणून. त्यानं ऐकलं माझं. स्वतः बटण दाबता आलं असतं की नाही त्याला? माझी अब्रू राखायला बसला तो तिथे. मी पाऊण तासानं उठलो, जाहिराती लागल्या तेव्हा.

तर चूक त्याची नव्हती. तुझ्या बाबाची काही चूक नव्हती. आईला — मी सांगतो आईला. येत्या रविवारी फोन करून — नाही. दीड वर्षात सत्तर-पंचाहत्तर रविवार झाले. तूच सांग. जर्सी सिटीला आईकडे जाशील ना, मावशीच्या घरी, तेव्हा समोर बसून सांग. पोलिसांना सांगायचं तर सांग.

इंग्लिशमध्ये बोल, शिव्या दे. — दीपा? अगं, गाडीची किल्ली कुठे — हातातच आहे तुझ्या. ही सुमेधाकाकू वळली बघ कोपऱ्यावर, डेव्हनच्या देशी दुकानांतून भाजी घेऊन आली. आत चल म्हणेल, जेवून जा म्हणेल, पोटाशी धरेल. तिला यातलं काही माहीत नाही. निघ तू. सामान राहू दे, निघ.