थांबण्याचा इशारा

साखर नको, चहा तसाच द्या. कारण विचारता, तर ऐका.

रिटायर झाल्यावर माझं पोट सुटलं. बायको रोज म्हणायची, "जेवण थोडं कमी करा." मी म्हणायचो, "सारी उमर प्लांटात क्रेन चालवली मी. वजनाचं मले नको शिकवू."

परवा दुपारी भरपेट जेवून खाटेवर पडलो आणि डोळा लागला. स्वप्नात मी पुन्हा क्रेनच्या केबिनमध्ये होतो. खाली भट्टीचा लाल उजेड होता, आवाज मात्र कुठेच नव्हता. हुकाला लटकलेलं एक मोठं ओझं ढगासारखं हळूहळू वर येत होतं. जवळ आलं तेव्हा पाहिलं, तो मीच होतो. बनियान घालून शांत झोपलेला. खाली बायको हेल्मेट घालून उभी होती आणि आडवा हात हलवून 'थांबा' म्हणत होती. हा इशारा कोणीही दिला तरी क्रेनवाल्याला थांबावंच लागतं. मी थांबलो. मग किती तरी वेळ मी मलाच हवेत झुलताना पाहत राहिलो.

उठल्यावर तिला सगळं सांगितलं. इशाऱ्याचा नियमही सांगितला. संध्याकाळी जेवताना मी पुन्हा भात मागितला, तर तिनं आडवा हात हलवला.

"भात कावून नाही वाढून राहिली?"

"तुमीच सांगतलं ना, इशारा कोनीबी देला त थांबा लागते."

"अवं, ते प्लांटात!"

"मंग? ओझं त तेच होय ना!"

मी उठून हात धुतले.