दर दोन तासांनी एक चूक

शब्दसंचय कोशमंडळाचे अध्यक्ष माननीय पृथ्वीराज शितोळे सर, प्रमुख पाहुणे आणि नेत्रतज्ज्ञ डॉ. अनिरुद्ध सबनीस, आजचे सत्कारमूर्ती, आमचे मुख्य संपादक रंगनाथ ओव्हाळ सर, पहिल्या रांगेतून मला आत्तापासूनच 'आवरतं घे' अशी खूण करणाऱ्या आनंदीवहिनी, आणि कोथरूडमध्ये गाडी लावायला जागा शोधून इथवर पोहोचलेल्या सर्व जिद्दी मंडळींनो,

मी ऋतुजा बेंद्रे. मंडळाचे संगणक सांभाळते. हिंजवडीतली आयटीची नोकरी सोडून मी इथे आले, तेव्हा सरांनी एकच प्रश्न विचारला होता, "तिकडून काढलं, की आपणहून?" अशा माणसाबद्दल गोड बोलायचं म्हणजे जरा अवघडच. म्हणून मी घडलेलं सांगते.

दोन वर्षांपूर्वी सरांच्या उजव्या डोळ्याला संसर्ग झाला आणि बुबुळावरचा पारदर्शक पडदा पांढरा पडला. डॉक्टरसाहेबांनी नेत्रदानातून मिळालेला पडदा बसवला. सर कामावर परतले ते एका अटीवर: दर दोन तासांनी डोळ्यात थेंब. हयगय झाली तर शरीर तो पडदा नाकारू शकतं. आणि इकडे कोशाचा शेवटचा खंड अर्ध्यावर!

आता मला सांगा, शब्दांत बुडालेल्या माणसाला वेळेचं भान कोण देणार? वहिनी धायरीच्या घरून फोन करायच्या. "अहो, थेंब?" "घालतोच." फोन ठेवला की सर पुन्हा त्यांच्या शब्दात. शेवटी वहिनी स्वतः कार्यालयात आल्या. मला म्हणाल्या, "ऋतुजा, ह्यांची नजर त्या स्क्रीनवरून हलत नाही. तिथंच काहीतरी दाखव बाई."

आमचे संगणक लिनक्स या प्रणालीवर चालतात. त्यात क्रॉन नावाची एक सोय असते. एक ओळ लिहून ठेवायची, की ठरलेल्या वेळी ठरलेलं काम आपोआप होतं. मी ओळ लिहिली आणि सरांच्या खुर्चीमागे उभी राहिले. वेळ झाली. स्क्रीनवर काहीच नाही. सर मान न वळवता म्हणाले, "तुमचा निरोप बसने येतोय का?"

झालं असं होतं, की क्रॉन पडद्यामागे काम करतं. कोण कुठल्या स्क्रीनसमोर बसलंय हे त्याला कळत नाही. तो पत्ता मी त्या ओळीत घातला आणि 'थेंब घाला' अशी चिठ्ठी टुणकन उमटली, पण उजव्या कोपऱ्यात, सरांच्या नेमक्या दुखऱ्या बाजूला! त्यांना दिसायच्या आत गायब. मग मी ती डावीकडे आणली आणि तातडीची ठरवली, म्हणजे बंद करेपर्यंत जाणार नाही. सर ती न वाचताच बंद करू लागले. माशी हाकलावी तशी!

पुढच्या तपासणीत डॉक्टरांना डोळ्यात लाली दिसली. त्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "मी मुद्दाम नाही हो करत." सरांचा तसा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या दिवशी गडबडीत मी चिठ्ठीचा मजकूर पुन्हा टाइप केला. थोड्याच वेळात सर तरातरा आले. "थेंभ? कोशमंडळात थेंभ? 'ब' संपले का आपल्याकडचे?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "आधी औषध घाला, मग दुरुस्त करते."

आणि श्रोतेहो, सरांनी माझ्यासमोर, मुकाट्याने, थेंब घातले!

सूचना डोळ्याआड करता येते. अशुद्ध लेखन ओव्हाळ सरांना डोळ्याआड करता येत नाही. मी लगेच एक छोटा प्रोग्रॅम लिहिला. दर वेळी नवीन चूक. मग सगळं कार्यालय चुका पुरवू लागलं. आयुष्यभर चुका काढणारे आमचे मुद्रितशोधक त्या करताना काय खुलले होते! वहिनींनी फोनवरून 'औशध' पाठवलं. सरांना कट कळायला आठवडाही लागला नाही. पण चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "चुका जरा दर्जेदार करा."

लाली उतरली. डॉक्टर थेंब कमी करत गेले, तशी मी ती ओळ बदलत गेले. दोन तासांचे चार झाले, मग फक्त सकाळ-संध्याकाळ. आणि एके दिवशी सरांनी दवाखान्यातल्या तक्त्यावरची शेवटची, सगळ्यांत बारीक ओळ उजव्या डोळ्याने वाचली. वहिनी बाहेर बाकावर होत्या. सर दारातूनच ओरडले, "अगं, दिसतंय!" सरांना ओरडताना ऐकलेलं दुसरं कुणी या सभागृहात आहे का?

खंड गेल्या महिन्यात छापून आला, त्याचं शेवटचं मुद्रित त्यांनी दोन्ही डोळ्यांनी तपासलं होतं. त्या दिवशी पेढे वाटताना सर म्हणाले, "ज्यांच्यामुळे हे वाचता आलं, त्यांचं नावसुद्धा मला माहीत नाही." दुसऱ्याच दिवशी दोघांनी नेत्रदानाचा संकल्प केला. वहिनी म्हणाल्या, "माझे दोन, ह्यांचा एक. उजवा तर उसनाच आहे." त्यापाठोपाठ आम्हीही निघालो, अगदी शिपायापासून अध्यक्षांपर्यंत.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी आभारी आहे. सरांच्या थट्टेत माझी जीभ जास्त सैल सुटली असेल, तर मोठ्या मनाने पोटात घाला. आणि सर, डॉक्टरसाहेबांना मी तुमच्यासमोर विचारून घेतलंय, त्या एका डोळ्याची त्यांना अजिबात घाई नाही. सावकाश, खूप सावकाश, भरपूर वाचून झाल्यावर द्या!