बंद करायचं बटण

पनवेल स्टँडवर उरणच्या गाडीच्या रांगेत माझ्यामागे करंजाच्या एक मावशी होत्या, मासळी विकून रिकामी झालेली पाटी काखेत. शेजारी त्यांची भाची प्रांजल, लॅपटॉप पोटाशी धरून.

“साखरपुडा मोडलास, तो एका बटनावरून?”

“साधं बटण नाहीये मावशी. कॉम्प्युटर बंद करायचं बटण आहे. मी म्हणते खाली डावीकडे, जीवन म्हणतो वर उजवीकडे.”

“मंग ज्याचा कॉम्प्युटर त्याला इचारा ना.”

“मालक कुणीच नाही गं. कॉम्प्युटर चालवणारं हे लिनक्स फुकट घ्यायचं, हवं तसं बदलायचं. आम्ही दोघं त्यातून एकदम सोपी सिस्टीम बनवत होतो. तुझ्यासारख्यांना जमेल अशी.”

“माज्यासारक्या म्हंजे?”

“म्हणजे... सगळ्यांना.”

“बरा. मंग?”

“मग काय, आमचीच सिस्टीम उचलून त्याने वेगळी काढली. आता त्याची वेगळी, माझी वेगळी.”

“आपल्या देवीच्या पालखीसारका. पयला खांदा कुनाचा यावरून भांडले, न् दोन पालक्या केल्या.”

“तसंच समज.”

“देवी तर तीच.”

“इथेही आतलं सगळं तेच. फरक फक्त बटणाचा.”

“येडी हाव तुमी दोगा पन.”

“ते राहू दे. तुमच्या मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात तू वापरतेस त्या कॉम्प्युटरवर मी माझी टाकून दिलीय ना? खरं सांग, बटण डावीकडेच बरं पडतं की नाही?”

“कसला बटन? मी वायर उपटते न् घरी जाते.”

“मावशी!”

“काल जीवनने पन हाच इचारला. तो पन असाच बोंबलला.”