एका चुलीवर मिळालेली मोहलत

माजं माहेर लिंबागणेशाच्या पल्याड. आमी लिंगायत वानी, बाप घोड्यावर मीठ-मिरची लादून बाजार करायचा, आन मला दिलं ते बिंदुसरा नदीच्या काठाला, पालीच्या वरल्या अंगाला लहानसं गाव हाय तितं. मालक माजे लई शांत मानूस. घरातच दुकान, मागं थोडी जिमीन. लेकरू झालं न्हाई, पर ते कदी बोलून दाखवलं न्हाई त्यांनी. सांजच्याला दुकान मिटलं की दोघं वट्यावर हरभरे खात बसायचो, बोलनं फार न्हाई, पर काय सांगू तुमाला, मला ते पुरायचं.

पूर आला तो भादव्यात, भर दुपारी. आमच्यावर तर आभाळ मोकळं होतं, पानी वर डोंगरात पडलं आसंल. गडीमानसं रानात होती म्हनून वाचली, बाया लेकरं घिऊन टेकावरल्या म्हादेवाच्या देवळाकडं पळाल्या, मी बी पळाले. मालक म्हनले, तू हो म्होरं, मी गाय सोडून येतो. गाय आली. पान्यातून पवत आली, गळ्यात दावं तसंच. ते आले न्हाईत. पानी उतरल्यावर मानसं पार पालीपतुर धुंडून आली, कुटंच काई न्हाई.

गावात धड भिंत राहिली न्हाई, पेवातलं धान सडलं, बाजरी गाळात गेली, आन म्होरं जिमिनीच्या साऱ्याची किस्त आलती. निजामाच्या राज्यात सारा ठरल्या येळेला भरायचा, न्हाई भरला तर जिमीन जायची. पाटील बीडला गेले, तहसीलदाराम्होरं हात जोडून म्हनले, हुजूर, खायला दाना न्हाई, सारा कुटून देऊ, मोहलत द्या. तो बी काई वाईट मानूस न्हवता. म्हनला, म्होरल्या पिकापतुर मोहलत देतो, पर गाव वसतं पायजे, माजा गिरदावर गावं तपासत हिंडतो, तो येऊन बगंल, गाव बेचिराग झालं आसंल तर मोहलत द्यायची कुनाला, जिमिनी सरकारजमा व्हत्याल. बेचिराग म्हंजी जितं दिवा लागत न्हाई ते गाव.

आता आली का पंचाईत. गावात राहावं तर उपाशी मरावं, जावं तर जिमीन जावी. देवळाम्होरं समदे बसले, कोनी कोनाकडं बगंना. कुनाचं लेकरू तापलेलं, कुनाची सून पोटुशी, पाटलीनबाईला तर उटता बी येत न्हवतं. मी बायांच्या मागं बसले होते, म्हनले, मी राहते. पाटील म्हनले, भागूबाई, एकटी? कावून? माहेरी जावा तुमी. म्हनले, मी गेले आन ते आले तर?

समदे गेले. जाताना कुनी मूठभर जवारी ठिवली, कुनी मीठ, पाटलीनबाईनं आपलं लुगडं दिलं. एकटं म्हंजी काय ते मला तवा कळलं बगा. पडक्या भिताडाला पऱ्हाट्या लावून खोपी केली, सकाळी चूल पेटवायची, पानी आनायचं, गाय सोडायची, आन मंग दिवस सरता सरायचा न्हाई. कुत्री बी मानसांमागं गेलती. घरोघर हिंडायचे मी, घर कसलं, जोतीच ती, पाटलीनबाईच्या जोत्यावर जाऊन म्हनायचे, काय वैनी, झाला का सैपाक, आन माजाच आवाज मला परका वाटायचा. मंग ते बी सोडलं. नदीकडं बगायचे. घोट्याएवढी झालती परत, तळाचे गोटे दिसायचे, जसं काई तिनं केलंच न्हाई.

थंडी सरत आलती तवा गिरदावर आला, घोड्यावर, पांढऱ्या दाढीचा मुसलमान मानूस. टापा ऐकून मी पळतच भायेर आले, मला वाटलं... जाऊ द्या, काय वाटलं ते. त्यानं समदं गाव नजरंखालून घातलं. अम्मा, बाकी लोगां किदर हैं? म्हनले, पोटामागं गेलेत, येत्याल. तू किसके साथ रैती? म्हनले, कोनाच्याच न्हाई. तो खाली उतारला, पानी पिला. डर नै लगता? म्हनले, साहेब, भ्यायला बी कोनी आसावं लागतं. मंग तो चुलीकडं बगून म्हनला, एक चूल जलती है, गाव बेचिराग नै, मैं वैसाच बोलूंगा. आन घोड्यावर बसला. मी म्हनले, आजून घडीभर थांबा की. खोटं कशाला बोलू, मोहलतीचं सुख न्हाई वाटलं मला, त्याच्या जान्याचं रडू आलं.

मिरगाच्या आदी मानसं परतली, म्हादेवाच्या दयेनं पाऊस पडला, पीक आलं, सारा भरला, कुनाची जिमीन गेली न्हाई. लोक म्हनत्यात भागूबाईनं गाव राखलं. मी कुटलं गाव राखतीया? मी वाट बगत होते, त्याच्यात गाव राहून गेलं.

आता डोळ्याला दिसत न्हाई. दसऱ्याला समदं गाव आदी माज्या पाया पडतं, सोनं देतं, मंग जो तो आपापल्या घरी जातो. वाईट न्हाई वाटत, त्यांची घरं हायत, त्यांनी जायाच पायजे. तुमी बी उटा, वाट लांब हाय. घरी कोन हाय तुमच्या? हाय ना? मंग बरं हाय. जावा, औक्षवंत व्हा.