मडकं न्यायला ये

हॅलो? … हॅलो, मावशी? … हो, मीच, युनशी. … येतोय, येतोय आवाज. तू फोन न लावता नुसती डोंगरावरून हाक मारली असतीस तरी इथं लांचौ शहरापर्यंत आली असती. … नाही, हळू बोलतेय कारण आई झोपलीय. मी स्वयंपाकघरात आहे, दार ओढून घेतलंय.

… हो, मेसेज मीच पाठवला. … हो गं, "मडकं न्यायला ये", तेवढंच. … नाही, चुकून नाही गेला. … मावशी, अगं ऐक ना…

… कुणाला सांगितलंस? काओ काकूंना? … आणि त्यांनी सगळ्या गावाला. झालं. … नाही, रागवत नाहीये. पण तू सांगितलंस तरी काय त्यांना?

… "माझी धाकटी बहीण बरी झाली."

… हो, हो, माहितीये मला. औषधाचं मडकं उसनं नेणाऱ्यानं परत नेऊन द्यायचं नसतं, आजार मागोमाग चालत जातो. ज्याचं असेल त्यानंच येऊन न्यायचं. … विसरेन कशी? मे महिन्यात मी नुसतं विचारलं, सुट्टीत येताना आणू का, तर पाच मिनिटं झाडत होतीस मला. … हो. आणि मडक्याचं काम संपलं म्हणजे माणूस उठून बसलं. … असतं तसं. बहुतेक वेळा तसंच असतं.

… केस? केस आलेत थोडे. मऊ मऊ, बदकाच्या पिल्लासारखे. … वजन? … वजन जरा… मावशी, डॉक्टर काल म्हणाले की… कोंबडी? नको, कोंबडी नको आणूस. … जिवंत तर मुळीच नको. मागच्या वेळी तू बसबरोबर पाठवलेली निसटली होती आणि ड्रायव्हरनं मला फोन केला होता, तुला नाही. … अगं पण खाणार कोण? … बाबा खातील, हो. पण आई नाही खाणार.

… कारण तिला जात नाही. राळ्याची पेज, ती पण दोन चमचे. लाल बोरं घातली तर गोडावर तीन.

… औषधानं तोंडाची चव गेलीय असं नाही. औषध बंद आहे. … दोन्ही. केमो पण आणि काढा पण. … म्हणून तर मडकं…

मावशी, खाली बस तू. … औषधी मुळ्या वाळत घालतेयस ना अंगणात? राहू देत मुळ्या. हात थांबव आणि बस जरा.

मी एका दमात सांगते, मध्ये बोलू नको. नाहीतर मला परत सुरुवातीपासून सांगता येणार नाही.

काल तपासणीचे कागद मिळाले. यकृतात पसरलंय. डॉक्टर म्हणाले, आता केमो दिलं तर आजाराआधी केमोनंच ती खचेल. मग मी दवाखान्यातच खालच्या मजल्यावर वैद्यांकडे गेले, तेच, ज्यांनी डॉक्टरांना विचारून काढा लिहून दिला होता. त्यांनी नाडी वगैरे काही नाही, नुसते कागद पाहिले आणि म्हणाले, पोरी, काढा आता थांबव, पोटाला कशाला त्रास. तिला जे आवडतं ते दे. … एवढंच.

… हॅलो? … मावशी? … हॅलो? गेला की काय फोन…

… आहेस. बरं. … रड, रड. मी थांबते.

… नाही गं, काढ्याला पाठवलेल्या तुझ्या मुळ्या चांगल्याच होत्या. … नाही, जुन्या नव्हत्या. एप्रिलमध्ये पांढऱ्या पेशी वर आल्या होत्या, आठवतंय? मी जिन्यातून ओरडत आले होते आणि तुला फोनवर आकडा तीनदा वाचून दाखवला होता. मुळ्यांनी वाढल्या की इंजेक्शननं, ते डॉक्टरांनाही सांगता येत नाही म्हणाले. पण वाढल्या होत्या. … हो, तुझ्याच मुळ्यांनी. तसंच धरून चाल.

… टाकत होते ना. रोजचा चोथा रोज चौकात, तू सांगितलंस तसा, लोकांनी तुडवून आजार पांगवावा म्हणून. झाडूवाल्या काकू वैतागून म्हणायच्या, तू लग्न होऊन सासरी जाशील तेव्हा मी फटाके लावणार. … सात महिने, मावशी. अख्खा चौक त्याच्यावरून गेला. शाळेची पोरं, भाजीवाले, नूडल्सवाल्याची गाडी. एवढी माणसं तुडवून गेली, थोडं थोडं तरी न्यायचं की नाही कुणी.

… हो. … हो. … थांब, नाक पुसते.

मावशी, एक विचारू? खरं सांगशील? … काढा करपला तर काय करतात? … टाकून देतात. हो ना. पाणी घालून परत द्यायचा नसतो. … नाही, असंच.

… असंच नाही. जूनमध्ये करपला होता माझ्या हातून. शाळेच्या माइकवर निवेदन करायला मला निवडलं होतं ना, त्याची तयारी चालली होती. इथंच, ह्याच ओट्याशी, डाव माइकसारखा हातात धरून. आपलाच आवाज ऐकण्यात इतकी रमले की मडकं तडतडायला लागलं तेव्हा कळलं. पुडी ती त्या आठवड्याची शेवटचीच होती. मी वरून पाणी घातलं आणि दिला. आई सगळा प्यायली. म्हणाली, आज जरा कडक झालाय. मग म्हणाली, तुझा आवाज छान लागला होता आज.

तिला वास आला नसेल का, मावशी? लहानपणापासून तुमच्या घरात मुळ्याच शिजत होत्या. तिला कळलंच असणार.

… विचारलं मी. डॉक्टरांना जिन्यात गाठून विचारलं. म्हणाले, एका वाटीनं असं होत नाही. … पण ते तसंच म्हणणार ना. … तू पण तसंच म्हणणार.

… हं. … हं. … पुन्हा म्हण एकदा. … बरं.

मग उद्या येशील ना? सातची बस… काय म्हणालीस? … येणार, पण मडकं नेणार नाही? … अगं, राहू दे म्हणजे काय? … मावशी, तू मडकं आमच्याकडे ठेवलंस म्हणून ती थांबणार आहे का?

… चुकलं. असं बोलायला नको होतं. … नाही, मला माहितीये तुला तसं म्हणायचं नव्हतं.

पण ऐक ना. हा मेसेज आईनंच पाठवायला लावला. म्हणाली, मोठीला काही सांगू नको, नुसतं मडकं न्यायला बोलाव. सात महिने ती तुला सांगतेय, मी छान आहे, तू काढणी सोडून येऊ नको. आता "मला बघायला ये" कुठल्या तोंडानं म्हणणार? म्हणाली, मडकं काही आपण नेऊन द्यायचं नसतं, म्हणजे तिला यावंच लागेल.

… हो, लबाडच आहे. … लहानपणापासून? … पतंगाची ही लबाडी कधी सांगितली नाही तिनं. उद्या सांग, तिच्यासमोरच सांग.

म्हणून म्हणते, न्यावं लागेल तुला. नाही नेलंस तर तिला कळेल की मी सगळं सांगितलंय. … हो, मी पण नाही सांगणार, तुला माहितीये असं. … शप्पथ.

… थांब, उठली वाटतं. एक मिनिट.

काय गं आई? … मावशीच आहे. … हो, खूश झाली ना, काओ काकूंना सुद्धा सांगून आली. … उद्या येतेय, सातच्या बसनं. … हो, मडकं न्यायला. … बरं, सांगते.

ऐकलंस ना? हसली आत्ता. … मावशी, तोंडाला रुमाल लाव, आवाज बाहेरपर्यंत येतो तुझा. … ती म्हणतेय, कोंबडी आण. जिवंतच आण म्हणतेय, तिला बघायचीय.

… हो. ठेवते आता, मडकं घासून ठेवायला सांगितलंय. आणि मावशी, बुडाला एक काळा डाग आहे, घासून घासून निघत नाहीये. उद्या हातात घेशील तेव्हा तिच्यासमोर उलटं करू नकोस. … बरं. ये.