नफीसाखालाचा अंगठा

“दीदी, तुम्ही स्वतःचा पासवर्ड विसरता का?” हे भर सभेत विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. तेच घोकत अंतरा निशातगंजच्या सभागृहाबाहेर रांगेत उभी होती. तिची लाडकी नटी ‘आधी माणूस, मग मशीन’ यावर बोलणार होती. सोडायला आलेले आईबाबा शेजारीच होते. रांगेत पुढं एक म्हातारी आणि तिला खाला, म्हणजे मावशी, म्हणणारी तिची भाची बोलत होत्या.

“खाला, काय विचारणार तिला?”

“म्हणेन, बेटी, चाळीस वर्षं चिकनकारीचं भरतकाम केलं. सुईनं अंगठा पार गुळगुळीत झाला. आता रेशन दुकानातलं मशीन म्हणतं, ही नफीसा नाहीच.”

“दुकानदार ओळखतो की!”

“हाँ, आदाब करतो आणि परत पाठवतो. मशीनशेजारी एक माणूस बसवा म्हणावं, ज्याच्या शब्दाला मान असेल.”

“आणि ती म्हणाली, माझ्या हातात नाही?”

“म्हणू दे. माझ्याकडं बघून एकदा ‘नफीसाजी’ तरी म्हणेल.”

तेवढ्यात दार आलं. दारावरच्या रखवालदारानं विचारलं,

“अम्मा, मोबाइलवरचा पास?”

“मोबाइल कुठला, भैया? हिच्याकडंही नाही.”

“मग प्रवेश नाही. पास स्कॅन झाला तरच आत.”

अंतरानं पास उघडून आपला मोबाइल खालाच्या हातात ठेवला.

“हा दाखवा. पहिल्या रांगेत बसा, हात वर करा आणि बोलावेपर्यंत खाली घेऊ नका!”

“अगं अंतरा, तिला बघायचं म्हणून महिनाभर नाचत होतीस ना?”

“आई, बाबा, मी बाहेरच थांबणार. पैज हरले, यार. आज प्रश्न नफीसाखाला विचारणार.”